चार महिन्यांचं गाव: पहिल्या वर्ल्ड क्रूझवर निघालेल्या गोव्याच्या मुलामुलींसाठी

डिसेंबर जवळ आला की आमच्या वाड्यावरचं कुणीतरी पोर संध्याकाळी दारात येतं. हातात नेमणुकीचं पत्र असतं. "मामा, वर्ल्ड क्रूझ मिळाली. बॅगेत काय काय घालू?" मी आधी चहा ठेवायला सांगतो, कारण हे बोलणं तासाभरात आटपत नाही. दर वर्षी तेच सांगत आलो, म्हणून यंदा लिहून काढतोय.

मी पेडण्याचा. बोटीवरच्या डायनिंग रूममध्ये प्लेटी उचलण्यापासून सुरुवात केली, पुढे हेड वेटर झालो आणि एकूण चार वर्ल्ड क्रूझ केल्या. आठवड्याच्या क्रूझवर काम केलेल्यालाही वर्ल्ड क्रूझ नवीच असते. आठवड्याच्या बोटीवर जुने पाहुणे उतरतात, नवे चढतात, आणि तुमची एखादी चूक त्यांच्याबरोबर उतरून जाते. वर्ल्ड क्रूझ बहुधा जानेवारीत साउथॅम्प्टन, हॅम्बर्ग, मायामी किंवा लॉस एंजेलिसहून सुटते आणि एप्रिल-मेमध्ये परत येते. शंभर ते एकशेतीस दिवस तेच चेहरे, तीच टेबलं. २०२३च्या डिसेंबरात मायामीहून सुटलेली 'सेरेनेड ऑफ द सीज' तर २७४ रात्रींच्या फेरीवर गेली होती. एवढ्या दिवसांत बोटीचं गाव होतं, आणि गावात राहायचे जे नियम तेच तिथे लागतात. पुढचं बरंचसं सांगणं या एकाच गोष्टीवर उभं आहे.

गोव्याला हा धंदा जुना आहे. 'लॅकोनिया' नावाची बोट १९२२ साली न्यूयॉर्कहून प्रवासी घेऊन जगाच्या फेरीला निघाली, तिथून या वर्ल्ड क्रूझ सुरू झाल्या. त्या काळातही पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटींवर आपले तारवटी म्हणजे गोव्याचे खलाशी खानसामे आणि स्टुअर्ड म्हणून होते. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गावागावांच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक खोल्यांत, ते बोटीची वाट बघत राहायचे. त्यांना कुणी काही लिहून दिलं नव्हतं.

पहिली पायरी: कागद

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाच्या दारात पुन्हा जाऊ नका. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, आणि पासपोर्ट यांचा खर्च तुमचा; व्हिसाचा खर्च मालकाचा. भारताने २०१५ मध्ये हा करार मान्य केला आहे. एजंटाकडे खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना हवा, आणि तो चालू आहे की नाही हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं. एजंटाने भिंतीवर लावलेली फ्रेम बघून समाधान मानू नका. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराच्या आईने मंगळसूत्र गहाण टाकून पैसे भरले होते. ती बोट कधी आलीच नाही.

सीडीसी, खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक म्हणजे इंडोस नंबर, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांचे पायाभूत कोर्स म्हणजे समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता, वर सिक्युरिटीचा कोर्स आणि प्रवासी बोटीसाठी लागणारं प्रशिक्षण, एवढं झालेलं असतंच. अमेरिकेचा बोटीवरच्या कामगारांसाठीचा सी१/डी व्हिसा मुंबईत होतो. त्याची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा पत्र आल्या दिवशीच मागे लागा.

पिवळ्या तापाच्या लशीकडे पोरं दुर्लक्ष करतात. वर्ल्ड क्रूझ दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेला लागतेच. लस टोचल्यावर दहा दिवसांनी लशीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड लागू होतं, आणि २०१६पासून ते जन्मभर चालतं. कार्ड हरवलं तर त्या देशांकडून परत येताना आपल्याच विमानतळावर तुम्हाला वेगळं बसवून ठेवू शकतात. सहा महिन्यांनी घरी येताना दाराशी अडकायचं नसेल तर कार्ड पासपोर्टच्या प्लास्टिकमध्येच ठेवा आणि त्याचा एक फोटो घरच्यांकडे द्या.

करार सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: किती महिने, मूळ पगार किती आणि टिपेचा अंदाज किती, मध्येच आजारी पडलात तर घरी आणायचा खर्च कुणाचा. टिपेचा अंदाज धरून गाडीचा हप्ता बांधू नका. वर्ल्ड क्रूझवर बहुतेकांची टिप आधीच भरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते.

दुसरी पायरी: बॅग

काळे, न घसरणारे, आतून मऊ बूट दोन जोड. यात पैसे वाचवू नका. दिवसाचे दहा-बारा तास पाय त्यांच्यात असतात, आणि एक जोड रोज वाळायला हवा. लोहचुंबकाचे हुक सात-आठ घ्या, केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर टॉवेलपासून टोपीपर्यंत सगळं टांगता येतं. साधं हाताचं घड्याळ घ्या. का ते पुढे येईलच. एक स्वेटर, कारण वर्ल्ड क्रूझ थंडीतून निघते. नेहमीचं औषध असेल तर ते सहा महिन्यांचं, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

वॉटर हीटरची कॉइल, इस्त्री, राइस कुकर, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीने ते केबिनमधून जप्त होतात, आणि ते बरोबरच आहे. खाण्याचं थोडं न्या. सोलं, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची चटणी, लोणच्याची एक बाटली, एवढं पुरे. मात्र न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या बंदरात उतरताना खिशात किंवा पिशवीत साधं सफरचंदसुद्धा ठेवू नका. न सांगता खाण्याची वस्तू घेऊन उतरलात तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड बसतो.

तिसरी पायरी: पहिले तीन दिवस

मोपा किंवा दाबोळीहून निघालात, दोन विमानं बदललीत, एक रात्र हॉटेलात काढलीत, आणि सकाळी बोटीसमोर उभे राहिलात की पहिल्यांदा वाटतं, ही इमारत आहे. आत गेल्यावर पासपोर्ट बोटीच्या ऑफिसात जमा होतो. घाबरू नका, ती पद्धत आहे. तुम्हाला क्रू कार्ड मिळतं, आणि पुढचे सहा महिने तेच तुमचं नाव.

केबिन खाली असते, बहुतेक पाण्याच्या पातळीच्या आसपास. दोघांची, कधी चौघांची. खिडकी नाही. वरचा बंक नव्याला. पडदा ओढला की तेवढं तुमचं घर, आणि कुणाच्याही ओढलेल्या पडद्यामागे हाक मारायची नाही, हा सगळ्या बोटींवरचा न लिहिलेला कायदा आहे. लांब मुख्य बोळाला बऱ्याच बोटींवर 'आय-९५' म्हणतात. वाट चुकलात की त्या बोळात या, तिथून सगळे जिने सापडतात. पहिल्या दिवशी केबिन ते मेस, केबिन ते कामाची जागा आणि केबिन ते मस्टर स्टेशन, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायची जागा, या तीन वाटा डोळे मिटून जाता येतील इतक्या वेळा चाला.

आता जरा थांबून सांगतो, कारण इथे हयगय चालत नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा जगभर एकच आहे. आग, जखमी माणूस, पाण्यात पडलेला माणूस यांचे सांकेतिक शब्द मात्र कंपनीप्रमाणे बदलतात. ते कार्डावर छापलेले असतात, पहिल्या रात्रीच पाठ करा. प्रवासी बोटीवर दर आठवड्याला ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळचा सराव, होतं. साठाव्या दिवशी ड्रिलचा कंटाळा येतो, पाय ओढत जावंसं वाटतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली तेव्हा काही प्रवाशांचं ड्रिल अजून व्हायचंच होतं. त्यानंतर नियम बदलला आणि बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ड्रिल सक्तीचं झालं. त्या रात्री लोकांना वाट दाखवायला तुमच्या-माझ्यासारखे वेटर आणि केबिन स्टुअर्डच होते.

आणि खालच्या डेकवरची वॉटरटाइट, म्हणजे पाणी अडवणारी दारं. ती यंत्राच्या जोरावर सरकतात, माणूस मध्ये आहे की नाही हे त्यांना कळत नाही. ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीतून, दार बंद करायला घेतलं असेल तर थांबा. दार पूर्ण उघडल्याशिवाय पाऊल टाकू नका, हातात ट्रे किंवा पेटी घेऊन एकट्याने जाऊ नका, आणि "पटकन निघून जातो" हे शब्द त्या दारापाशी मनातही आणू नका. पाय गमावलेला माणूस मी पाहिला आहे.

चौथी पायरी: पोट आणि समुद्र

जानेवारीत इंग्लंडहून निघालात तर दुसऱ्याच दिवशी बिस्केचा उपसागर लागतो. बोटीला लाटेत कमी डुलवणारे पंख असतात, तरी तिथे पोट ढवळतंच. रिकाम्या पोटी राहू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आल्याचा तुकडा. बोटीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी, पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त. सुट्टीच्या दहा मिनिटांत उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. गोळी हवी तर बोटीच्या दवाखान्यातून घ्या, पण काहींनी झोप येते, हे सुपरवायझरला सांगून ठेवा. चौथ्या दिवशी बहुतेकांचं पोट जागेवर येतं.

उलट्या-जुलाब दोन्ही सुरू झाले तर मात्र लाटेचं नाव सांगून लपवू नका. तो नोरोव्हायरस असू शकतो, आणि तीन-चार हजार माणसांच्या बंद गावात तो वणव्यासारखा पसरतो. ताबडतोब दवाखान्यात कळवा. तुम्हाला केबिनमध्ये वेगळं ठेवतील, जेवण दारात येईल. आजार लपवून कामावर गेलेल्यांना घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे. हाताला लावायचं सॅनिटायझर या विषाणूवर पुरेसं पडत नाही. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद, हाच उपाय. अमेरिकन बंदरात त्यांचे आरोग्य तपासनीस न सांगता चढतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याखाली आलं की बोट नापास. त्या दिवशी गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या तापमानापासून पुसायच्या फडक्याच्या बादलीपर्यंत सगळं बघतात. रोज तसंच काम केलंत तर त्या दिवशी धावाधाव करावी लागत नाही.

पाचवी पायरी: झोप हीच पुंजी

नियम सांगतो: चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्याहत्तर तास विश्रांती. ते दहा तास दोनहून जास्त तुकड्यांत तोडता येत नाहीत, आणि एक तुकडा सहा तासांचा हवाच. हे आकडे पाठ करा. तासांची नोंद तुमच्या सहीने होते. न घेतलेल्या विश्रांतीवर सही करू नका. आधी सुपरवायझरशी शांतपणे बोला. बोटीवर तक्रारीची लेखी पद्धत असते, ती वापरल्याबद्दल कुणाला शिक्षा करता येत नाही.

पण खरं सांगतो, झोप चोरणारा बहुतेक वेळा सुपरवायझर नसतो. क्रू बार असतो, मोबाइल असतो. पहिल्या महिन्यात रोज रात्री दोनला झोपणारी पोरं तिसऱ्या महिन्यात जिन्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतात. दुपारची दोन तासांची फट मिळाली की खाऊन सरळ बंकवर. बारमध्ये जायचं तर जा, मीही गेलो आहे, पण दारूची तपासणी कधीही होते. आंतरराष्ट्रीय मर्यादा रक्तात ०.०५ टक्के आहे, काही कंपन्यांची त्याहून कडक. रात्री अकराला मोजून एक बियर आणि सहाला ड्यूटी, एवढं जमतं. त्यापुढचं जमत नाही.

सहावी पायरी: घड्याळ

वर्ल्ड क्रूझची खरी गंमत इथे आहे. बोट पश्चिमेकडे चालली की दर दोन-चार दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे तुम्हाला एक तास झोप जास्त मिळते. पूर्वेकडे चालली की तोच तास हातचा जातो. म्हणून नेमणूक झाल्या झाल्या विचारा, फेरी कुठल्या दिशेने आहे? पूर्वेकडे जाणारी फेरी क्रूच्या अंगावर जास्त येते. तशा रात्री तासभर आधी झोपायची सवय लावा.

मोबाइलवरची आपोआप वेळ बंद करा. किनारा जवळ आला की फोन तिथली वेळ पकडतो आणि बोटीची वेळ वेगळीच असते. माझ्या पहिल्या फेरीत मी एक तास उशिरा ब्रेकफास्टला पोहोचलो. दुसऱ्या बंदरात साधं घड्याळ घेतलं, ते अजून चालतं.

पॅसिफिकमध्ये वाररेषा येते. पश्चिमेकडे जाताना एक तारीख गायब होते, पूर्वेकडे जाताना एकच तारीख दोनदा येते. गायब होणाऱ्या तारखेला कुणा पाहुण्याचा वाढदिवस असेल तर केक आदल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. त्यांना त्याचं फार अप्रूप असतं. हे गणित पाचशे वर्षं जुनं आहे. १५१९ साली मॅगेलनबरोबर निघालेले खलाशी १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांना लागले तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. वही बरोबर ठेवली होती, तरी दिवस कमी. आपल्या दिवाडीत बांधलेली 'तारिणी' घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ला गोव्यातून पूर्वेकडे निघाल्या आणि २१ मे २०१८ला परतल्या. त्यांना उलट एक तारीख दोनदा मिळाली. घरच्या पोरांना हे फोनवर समजावून सांगा, अर्धा तास सुखाचा जातो.

सातवी पायरी: पाहुण्यांबरोबर चार महिने

माझ्या मते वर्ल्ड क्रूझ इथेच जमते किंवा बिघडते.

बहुतेक पाहुणे निवृत्त, सत्तरीच्या पुढचे. कित्येक जण दरवर्षी येतात, आणि बोट त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. काही जण तुकड्यातुकड्याने, एखाद्या टप्प्यापुरते चढतात. पूर्ण फेरीवाल्यांना त्या टप्पेवाल्यांपेक्षा आपण जुने गावकरी आहोत असं वाटतं. तो मान राखा, पण टप्पेवाल्याला परकं वाटू देऊ नका.

पहिल्या आठवड्यात एक छोटी वही करा. टेबल क्रमांक, नाव, चहा कसा, कोणत्या कानाला कमी ऐकू येतं, मधुमेह आहे का. दहाव्या दिवशी न विचारता साखरेशिवाय कॉफी समोर आली की त्या माणसाचा चेहरा बघा. ही वही इतर कुणाच्या हाती लागू देऊ नका, आणि तीत कुणाबद्दल वाईट एक शब्द लिहू नका.

एका टेबलावरची गोष्ट दुसऱ्या टेबलावर नेऊ नका. गावात कसं, विहिरीवर बोललेलं संध्याकाळी देवळात पोहोचतं, तसंच. पाहुणे एकमेकांबद्दल तुम्हाला विचारतील, हसून वळवा. एका टेबलाला जे दिलंत ते शेजारच्याने पाहिलंय असं धरून चाला. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज टॉवेलचे हत्ती-माकडं केलीत तर शंभराव्या दिवशीही करावी लागतील, तेव्हा जेवढं शेवटपर्यंत निभेल तेवढंच सुरू करा.

एकटे पाहुणे फार बोलतात. ऐका. पण त्यांच्या केबिनमध्ये कामाशिवाय पाऊल टाकू नका, पैसे उसने घेऊ नका, वैयक्तिक नंबर देऊ नका. पाहुण्याशी जवळीक म्हणजे पुढच्या बंदरात उतरणं, त्यात अपवाद नाही. मुलींना मुद्दाम सांगतो: कुणी पाहुणा किंवा वरिष्ठ मर्यादा सोडून वागला तर त्याच दिवशी कळवा. उद्यावर टाकू नका, आणि एकट्याने सोसू नका.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. एवढ्या वयाची माणसं, एवढे दिवस. कुणीतरी फेरीत जातं. बोटीवर त्यासाठी थंड खोली असते. माझ्या दुसऱ्या फेरीत खिडकीजवळच्या दोघांच्या टेबलावर एक जोडपं रोज सातला बसायचं. साठेक दिवसांनी एका संध्याकाळी त्या बाई एकट्याच आल्या. मला काय बोलावं सुचेना. मी दुसरी खुर्ची काढून टाकायला निघालो, तेव्हा त्यांनी ती राहू द्या म्हणून हात केला. तेव्हापासून नव्यांना सांगतो: खुर्ची हलवायची की नाही हे त्यांनाच विचारा, रोजच्या वेळेला रोजचा चहा समोर ठेवा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. "सरांना हे सूप आवडायचं" एवढं म्हटलं तरी पुरतं.

आठवी पायरी: बंदर

सगळ्या क्रूला एकाच वेळी उतरता येत नाही. काहींना बोटीवर राहावंच लागतं. त्या यादीला आयपीएम म्हणजे 'इन पोर्ट मॅनिंग' म्हणतात. यादी लागली की बघा आणि तुम्हाला जीवाचं वाटणारं बंदर असेल तर दोन महिने आधी अदलाबदल ठरवून सुपरवायझरची परवानगी घ्या. एका मार्चमध्ये आमची बोट मुरगावला लागणार होती आणि माझं नाव नेमकं त्या यादीत. मनिलाला मी एका फिलिपिनो मित्राची ड्यूटी केली होती, त्याला त्याची मुलगी भेटली होती. मुरगावला त्याने माझी केली. आई वास्कोला आली होती, डब्यात तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं. बंदराच्या गेटबाहेर टॅक्सीतच जेवलो. घरच्यांना बोटीवर आणायचं असेल तर नावं आणि ओळखपत्रं खूप आधी द्यावी लागतात. ऐन दिवशी गेटवर काही होत नाही.

परत येण्याची क्रूची वेळ पाहुण्यांच्या आधीची असते. त्याच्याही तासभर आधी बोटीवर या. बोट थांबत नाही. बोट बाहेर नांगरून टेंडरने म्हणजे छोट्या होडीने जायचं असेल तर रांगेचा वेळ वेगळा धरा. बऱ्याच बंदरांत खलाशांची केंद्रं असतात, 'मिशन टू सीफेरर्स' किंवा 'स्टेला मारिस'ची. तिथे वायफाय, सिम कार्ड, आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला शांत बसायला जागा मिळते. बाजारात हिंडण्याआधी तिथे जा.

पनामा कालव्याच्या दिवशी सुट्टीचा अर्धा तास डेकवर घालवा. ऐंशी किलोमीटरचा तो कालवा पार करायला आठ-दहा तास लागतात, आणि पाण्याची कुलपं भरून एवढी मोठी बोट सव्वीस मीटर वर उचलली जाते, मग पलीकडे खाली सोडली जाते. सुएझला असं काही नाही, सपाट पाण्याचा १९३ किलोमीटरचा रस्ता. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक फेऱ्या आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, तेव्हा मार्ग बदलला तर गोंधळू नका आणि घरच्यांना लगेच कळवा. बातम्या बघून ते तिकडे काळजीत असतात.

नववी पायरी: साठावा दिवस

साधारण साठ ते पंचाहत्तर दिवसांच्या दरम्यान मन बसतं. पॅसिफिकमध्ये पाच-पाच दिवस किनारा दिसत नाही. घरी शिगमा चालू असतो, भाऊ रोमटामेळाचा व्हिडिओ पाठवतो, इंटरनेट मध्येच अडकतं, आणि तुम्ही दोनशे ग्लास पुसत असता. केबिनमधला जोडीदार ज्या पद्धतीने दार लावतो त्याचाही राग येतो. हे प्रत्येकाला होतं, म्हणून तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

माझे उपाय साधे आहेत. रोज पंधरा मिनिटं तरी उजेडात, उघड्या डेकवर जा. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये शरीराला दिवस-रात्र कळत नाही. घरी फोन ठरावीक वारी करा. रोज केलात आणि एक दिवस चुकला तर आई रात्रभर जागते. भांडण झालेल्या जोडीदाराला चहा नेऊन द्या, बोलायला शब्द नसले तरी. मेसमध्ये भात रोज असतो, पण तो आपला उकडा भात नसतो. आठवड्यातून एकदा गॅलीतल्या ओळखीच्या कुककडून कोमट पाणी मागून सोलांचं सार करा आणि शेजारच्यांना वाटा. माझ्या केबिनचा इंडोनेशियन जोडीदार शेवटी स्वतः सोलं मागायला लागला.

रडू येत असेल, झोप आठवडाभर नसेल, नको ते विचार येत असतील तर दवाखान्यात जा. तिथे नर्स आणि डॉक्टर त्यासाठीही आहेत. रात्री रेलिंगपाशी एकटं उभं राहू नका, आणि तसं उभं असलेलं कुणी दिसलं तर जवळ जाऊन बोला.

दहावी पायरी: पैसे

महिन्याच्या पगारातला ठरलेला भाग थेट घरी जाऊ द्या. उरलेला बोटीवर फारसा लागत नाही: जेवण फुकट, गणवेश फुकट, राहणं फुकट. खर्च होतो तो बारवर, इंटरनेटवर आणि बंदरातल्या खरेदीवर. परदेशातली कमाई ठेवायचं एनआरई खातं निघण्याआधी उघडा, आणि आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होतात ते सीडीसीच्या शिक्क्यांवरून मोजत राहा. १८२ दिवसांचा हिशेब तुमच्या कराशी जोडलेला आहे. एकदा सीएला दाखवा.

शेवटची पायरी: उतरताना

डिसेंबरात चढलात आणि सात महिन्यांचा करार असेल तर जुलैच्या सुमारास उतरता, म्हणजे चवथीला घरी. गणपतीवरची माटोळी बांधायला हात कमी पडत नाहीत. फेरीच्या शेवटच्या आठवड्यात पाहुणे रडतात, पत्ते देतात, पुढच्या वर्षी याच टेबलावर म्हणतात. खरंच येतात, तेव्हा त्या वहीतलं पान जपून ठेवा.

उतरण्याच्या आदल्या दिवशी केबिन तपासून चावी द्या, लाइफ जॅकेट जागेवर ठेवा, पगाराचा शेवटचा हिशेब कागदावर घ्या. पासपोर्ट, सीडीसी, पिवळं कार्ड आणि सगळ्या कोर्सांची प्रमाणपत्रं परत मिळाली का ते एकेक मोजा. सीडीसीत चढल्याची आणि उतरल्याची तारीख, बोटीचं नाव, कॅप्टनची सही आणि शिक्का, चारही बघा. एक जरी राहिलं असेल तर गँगवे म्हणजे बोटीची शिडी उतरण्याआधी ऑफिसात परत जा. बोट पुढच्या बंदराला निघाली की तो शिक्का मिळवायला महिने जातात.